बिनपायरीची ट्राम

मी चौथीपर्यंत शिकले. पण खोटं लिहायला कुठल्याच इयत्तेत शिकले नाही. ज्याला पटायचं नाही त्याने खुशाल दुसरं काही वाचावं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. जपानातलं उत्सुनोमिया शहर. मध्यरात्र नाही, अमावस्या नाही. संध्याकाळचे पावणेपाच.

माझी सून कस्तुरी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. नात काचेच्या पेटीत. मूठभर जीव. मी रोज अळिवाची खीर नि मऊ भात घेऊन ट्रामने दवाखान्यात जायची. घरचा स्वयंपाक, तिकडे डबा, परत येऊन भांडी. अंगात त्राण नव्हतं. पण दमले म्हणायची आमच्याकडे रीत नाही.

ट्राम मात्र झकास. थांब्याची फरशी आणि ट्रामची जमीन एका पातळीत. मधे पायरीच नाही. माझे दोन्ही गुडघे गेलेले. लेकाला, नचिकेतला, मी रोज ऐकवायची, "ट्रामवाल्यांना परक्या बाईचे गुडघे कळले, पोटच्या पोराला नाही! दारात ती वीतभर पायरी तशीच."

"आई, घर भाड्याचं आहे गं."

"गुडघे माझे स्वतःचे आहेत."

ट्राममध्ये दाराजवळ बाबागाडीसाठी मोकळी जागा असते. पण एक थांबा असा होता...

दार उघडायचं. कोणी चढायचं नाही. आणि मग...

कुर्र... कुर्र...

लहान चाकं. एक चाक जरा अडणारं.

लोक मान वर न करताच सरकून जागा द्यायचे. कितीही गर्दी असो, पुढे त्या जागेत कोणी उभं राहत नसे.

पहिल्याच दिवशी माझ्या पिशवीला धक्का बसला. "डोळे फुटले का?" मी म्हणाले.

समोर कोणीच नव्हतं.

दवाखान्याचा थांबा आला की ती चाकं माझ्या आधी उतरायची. मी मनावर घेतलं नाही. थकलेल्या कानात काहीही वाजतं.

मग नातीच्या खोलीतली कोपऱ्यातली काचेची पेटी रिकामी झाली.

चार दिवसांनी... आमच्या शेजारची.

"घरी नेलं असेल बाळाला," कस्तुरी म्हणाली.

त्या बाळाची आई मला बाहेर बाकावर दिसली होती. हात रिकामे. मी कस्तुरीला काही बोलले नाही.

विसाव्या दिवशी दवाखान्याचा थांबा आला. मी उठले आणि दारात आडवी उभी राहिले.

कुर्र...

गुडघ्याला गार लोखंड लागलं.

"आज नाही," मी म्हणाले. "ती माझी आहे. मागे हो."

चालक काहीतरी बोलला. लोक बघायला लागले. मी हलले नाही. शेवटी दार माझ्या पाठीमागे बंद झालं.

शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. डबा हातात गार झाला. गुडघ्याला ते लोखंड तसंच टेकलेलं. तिथे मी उतरले, पण मागे चाकं वाजली नाहीत.

परतीच्या ट्रामने दवाखान्यात पोचले, तर कस्तुरी रडत होती.

"आई, किती उशीर! आज तिची नळी काढली. ती स्वतः श्वास घेतेय."

नात घरी येऊन आता दोन महिने झाले. बाबागाडी मी घेऊ दिलेली नाही.

पण रोज पावणेपाचला दाराबाहेर...

कुर्र... कुर्र... ठक.

पायरीला आपटतं. पुन्हा, ठक. मग मागे जातं.

काल संध्याकाळी ते ठक वाजून गेल्यावर माझा डोळा लागला. उठले तर नचिकेत दारात बसून स्क्रू पिळत होता.

"आई, बघ! घरमालक हो म्हणाले. तुझ्या गुडघ्यांसाठी लाकडी उतार. पायरी गेली. आता घराचीच ट्राम झाली तुझी."

"काढ तो! आत्ता काढ!"

"तुझं काही केलं तरी चूकच. रविवारी काढतो, बस?"

आज बुधवार. साडेचार झालेत. मी त्या उतारावर आडवी बसून हे लिहितेय. आत नात झोपलीय.

बसायचं मला काही नाही. दमलेय फार... मधेच डुलकी लागते, तेवढीच भीती.