खोकल्याच्या वॉर्डातला गिलावा

चुन्याचा गिलावा करणारे दोघे भाऊ त्या बंद पडलेल्या दवाखान्यात आले, तेव्हा काम साधंच होतं. छातीच्या रोग्यांचा जुना वॉर्ड, त्यातली एक लांब भिंत. कुणा शहाण्यानं चाळीस वर्षांपूर्वी तिच्यावर सिमेंट थापलं होतं. ते खरवडून पुन्हा चुना लावायचा.

"लोकांना चुना लावतो असं उघड सांगणारे आपण दोघंच," धाकटा हसायचा, आणि हसता हसता त्याला धाप लागायची. लहानपणापासूनचा दमा. दर तिसऱ्या श्वासाला त्याच्या छातीत बारीक शिट्टी वाजायची. थोरल्याचा सगळा जीव त्या शिट्टीत अडकलेला. आईनं जाताना एवढंच सांगितलं होतं, याला सांभाळ.

सिमेंटचा शेवटचा पोपडा निघाला तेव्हा भिंतीतून ओलसर, कोंदट वास आला, आजाऱ्याच्या उशीला येतो तसा.

"कोंडली होती बिचारी," थोरला म्हणाला. त्यांचे वडीलही गवंडी. ते सांगायचे, चुना हवा खाऊन दगड होतो, पण सावकाश खातो. त्याला महिने द्यावे लागतात.

मागच्या कामावर मात्र वाऱ्यानं गिलावा भराभर सुकून भेगाळला होता. दुधानं तोंड पोळलेला थोरला आता ताकही फुंकून पीत होता. दुपारी भिंतीवर शेवटचा हात फिरला, तशा त्यानं सगळ्या खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि भिंतीवर ओली गोणपाटं सोडली.

"तू पाणी मारत राहा. मी चुन्याचं पिंप झाकून येतो," म्हणाला आणि जाताना दार घट्ट ओढून घेतलं. हवा खाणाऱ्या भिंतीजवळ आपण काय कोंडून चाललोय, हे त्या वेळी त्याच्या डोक्यातही आलं नाही.

अर्ध्या तासानं परतला तर दार उघडेना. कडी नव्हती, कुलूप नव्हतं. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं ते चौकटीला चिकटलं होतं. बाहेर लख्ख ऊन. आतून खोकल्याचा आवाज आला.

धाकट्याचा नव्हता.

मग दुसरा खोकला. मग तिसरा, त्याच्या पलीकडून. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाटा मांडाव्यात तसा ओळीनं. त्याच्या डोळ्यांदेखत खिडकीच्या फटीतली चिंधी सुळकन आत ओढली गेली.

त्यानं हातोडा उचलला आणि काच फोडली. एकही तुकडा बाहेर पडला नाही. वारा त्याच्या कानांवरून सूं करत आत शिरला, आणि खोकला थांबला.

धाकटा भिंतीला पाठ लावून बसला होता. ओठ निळे, डोळे उघडे. थोरल्यानं त्याला ओढत बाहेर उन्हात आणलं, गालावर चापट्या मारल्या. बऱ्याच वेळानं तो पुटपुटला, "दादा... भिंत गरम होती रे..."

थोरला सामान आणायला आत गेला. सवयीनं गिलाव्यावर नख दाबलं. नख मोडलं.

चार दिवसांत धाकटा खडखडीत बरा झाला. शिट्टीसुद्धा गेली. "दवाखान्यात जाऊन दमा टाकून आले," त्याची बायको सगळ्यांना कौतुकानं सांगत होती. थोरल्याला मात्र ती शांतता ऐकवेना. एका गार सकाळी धाकटा झोपेत असताना त्यानं घासून लख्ख केलेली थापी त्याच्या नाकाशी धरली. बराच वेळ धरली. पोलादावर वाफ धरली नाही. कुणाला सांगणार, आणि काय?

त्याच दिवशी दुपारी दोघे चहा पीत बसले होते. दवाखान्यातल्या मुकादमाचा फोन आला.

"भिंत झकास झालीय, मिस्त्री. पण आतून शिट्टीसारखा आवाज येतो हो. थांबून थांबून. एक, दोन, तीन, की वाजते. एखादी फट राहिली असेल. म्हणून सकाळपासून ऑइलपेंट मारायला घेतलाय, हवाच जायला नको."

"थांबवा!" थोरला ओरडला. "थांबवा त्यांना, पाया पडतो तुमच्या!"

"अहो, आता काय थांबवू? कोपराच तेवढा उरलाय."

समोर धाकट्यानं कप खाली ठेवला. गळ्याशी हात नेला.

"दादा... जरा खिडकी उघड ना..."

खिडकी सताड उघडी होती. वाऱ्यानं पडदा हलत होता.