जोडीचा फोटो

शिरूर कासारच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानांना लागून, शिवकन्याचा फोटो स्टुडिओ होता. खोली एकच. छपरात दोन काचा बसवलेल्या, त्यांतून उजेड खाली यायचा. मागच्या पडद्यावर डोंगर आणि काठोकाठ भरलेलं तळं रंगवलेलं. बाहत्तर साली तालुक्यात पाणी असलेलं तळं तेवढं एकच, असं म्हणून गिऱ्हाइकं हसायची.

वडील गेल्यावर स्टुडिओ तिनंच चालवायला घेतला. वडलांनी तिला कॅमेऱ्याच्या आधी माणूस बघायला शिकवलं होतं. "तोंडाला कळतं फोटो निघतोय ते, पायांना कळत नाही," असं ते म्हणायचे. म्हणून शिवकन्या आधी पाय बघायची. अंगठे दाराकडे असले, की त्या माणसाला इथं थांबायचं नाही. भांडून आलेल्या जोडप्याच्या मध्ये वीतभर जास्त हवा असते. जमिनीवर तिनं खडूच्या दोन खुणा करून ठेवल्या होत्या. बाईनं नवऱ्याच्या डाव्या अंगाला उभं राहायचं. दोघांत चार बोटांचं अंतर, खांदे किंचित एकमेकांकडे. मग खाली नावं लिहायची गरज पडत नाही, बघणाऱ्याला जोडी कळते.

त्या आश्विनात तिला मान वर करायला फुरसत नव्हती. ऊसतोड मजुरांच्या सहकारी संस्थेनं नवा नियम काढला होता. प्रत्येक कोयत्याला कार्ड, आणि कार्डावर फोटो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम नेत नाही.

सोमवारचा उपास होता, म्हणून तो दिवस शिवकन्याच्या लक्षात राहिला. मुकादम आप्पाराव आपली टोळी घेऊन आला होता. सगळ्यांत शेवटी भिवराबाई आत आली. एकटीच. पंचविशीची असेल. कपाळ मोकळं.

"मधी उभ्या राहा," शिवकन्या म्हणाली.

भिवराबाई डावीकडच्या, बायकोच्या खुणेवर जाऊन उभी राहिली.

"अहो, मधी. निम्मा फोटो रिकामा राहतोय."

"मला हितंच बरं वाटतंय, ताई."

"तळ्याचा फोटो काढाया आलीस व्हय गं?" दारातून आप्पाराव म्हणाला. टोळीतल्या बाया हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

तिचा नवरा सटवा ज्येष्ठात गेला होता. आटलेल्या विहिरीतला गाळ काढायला उतरला आणि वरून दरड पडली. तिसऱ्या दिवशी वर काढला.

"समदं गाव चाललंय, ताई," भिवराबाई हलक्या आवाजात म्हणाली. "चौथ्या दिशी टँकर येतोय. माणसं गेली की त्योबी बंद हुईल. मी आन् माझी सासू, दोघीच मागं ऱ्हायलो तर प्यायचं काय?"

शिवकन्यानं आप्पारावाकडे पाहिलं. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"माझ्या हातात काय हाय, बाई? कार्डावर जोडी दिसली तर नेतो मी. कारखान्यावर गेल्यावर कुनीतरी अर्धा गावंलच तिच्या जोडीला."

तो बाहेर गेला. शिवकन्यानं भिवराबाईचा फोटो ती उभी होती तिथंच काढला आणि तिला उद्या यायला सांगितलं. मग तिनं फळीवरून लग्नाच्या फोटोंच्या निगेटिव्ह काचांची पेटी खाली घेतली. चार वर्षांमागं भिवरा आणि सटव्याचा लग्नाचा फोटो याच खोलीत निघाला होता. काच उजेडाला धरली. सटवा ताठ उभा होता, दोन्ही हात मांड्यांना चिकटवलेले, मान आखडलेली, डोळे वटारलेले. कॅमेऱ्याला भ्यालेला साधा माणूस. आजच्या फोटोतल्या रिकाम्या जागेत तो मापानं बसला.

दुसऱ्या दिवशी भिवराबाई आली तेव्हा जोडीचा फोटो कागदावर उतरला होता, शेवटचं धुणं तेवढं राहिलं होतं. दोन काचांचा सांधा शिवकन्यानं ब्रशनं बुजवला होता. एकच गोष्ट खुपत होती. नवरा शेजारी उभा, आणि बाईचं कपाळ कोरडं. कचेरीतला कुणीही तिथंच अडला असता. शिवकन्यानं बारीक ब्रश पक्क्या शाईत बुडवला आणि तो हातातच धरून विचारलं, "लावू?"

भिवराबाईनं कागदावरच्या सटव्याकडे एकदा पाहिलं.

"लावा," ती म्हणाली.

शिवकन्यानं कुंकवाएवढा काळा ठिपका दिला. नकळत तिचा दुसरा हात आपल्या गळ्यातल्या रुद्राक्षाच्या माळेकडे गेला.

कागद धुवायला अर्धी घागरच पाणी होतं. त्यातच दोनदा बुचकळून तिनं तो दोरीवर टाकला. सकाळी पाहते तर सटव्याची बोटं मांडीपासून सुटलेली. फार नाही, ज्वारीचा दाणा मावेल इतकीच. मानही थोडी कललेली वाटली, बायकोकडे. तिनं काच काढून पुन्हा उजेडाला धरली. काचेत हात मांडीला चिकटलेलेच होते. पाणी कमी पडलं, कागद ताणला असेल, असं तिनं मनाला सांगितलं आणि फोटो कार्डावर डकवला.

दसरा झाला आणि बैलगाड्या निघाल्या. शिरूरच्या रस्त्यावर चार दिवस धूळ बसली नाही.

चैत्रात टोळ्या परतल्या. आप्पाराव स्टुडिओत आला तो खुशीत.

"सांगा बरं, माझ्या टोळीत औंदा एक नंबर कोयता कुनाचा? भिवराचा!"

"मिळाला का मग तिला कुणी अर्धा?"

"हुडकलाच न्हाई." त्यानं बाकावर बसून टोपी गुडघ्यावर ठेवली. "ती म्होरं तोडत जायची. मागं बघावं तर मोळ्या बांधून पडल्याल्या. एक दिस मुद्दाम बांधावर बसून ऱ्हायलो. भर दुपारी. काय दिसलं न्हाई मला. मोळ्या मातर बांधल्या गेल्या."

"तिला विचारलं नाही?"

"कावून इचारू? काम हुतंय न्हवं?" भिवराबाईचं कार्ड बाकावर ठेवून तो उठला. "पुडल्या सालाचं कार्ड करायचंय. फोटो त्योच ऱ्हाऊ द्या. संस्थेत तसं सांगून ठेवलंय मी. अशी जोडी मोडायची नसती."

तो गेल्यावर शिवकन्यानं ते कार्ड छपराच्या काचेखालच्या उजेडात नेलं.

सटव्याचा हात आता भिवराबाईच्या खांद्यावर होता.

तो कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. पूर्ण तिच्याकडे वळला होता. त्याच्या मानेत ताठपणा उरला नव्हता, डोळे वटारलेले नव्हते. भिणं त्याच्या अंगातून निघून गेलं होतं. ते तिच्या अंगात आलं होतं. तोंड तसंच शांत, समोर बघणारं. पण कमरेपासून वर ती बाहेरच्या बाजूला झुकली होती, गोणीच्या ओझ्यानं झुकावी तशी. तिची पावलं वळली होती. दोन्ही अंगठे चौकटीच्या कडेकडे होते.

एकच जागा जशीच्या तशी होती. कपाळावरचा ठिपका.

तीन दिवसांनी भिवराबाई स्वतः आली. एवढी वाळली होती, की शिवकन्यानं तिला आधी पावलांवरून ओळखलं. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"ताई, माझा फोटू काढा. एकटीचा."

"आप्पाराव म्हणत होते, जोडीचाच..."

"मला अर्धी लिवून घ्या म्हनावं. न्हाईच नेलं तर न्हाई नेलं. हितं खडी फोडीन, ऱ्हाईन तहानेली." ती भराभर बोलत होती, पण आवाज चढत नव्हता. "त्यो थांबत न्हाई, ताई. काम झालं तरी थांबत न्हाई. जेवाया बसले की म्होरं बसतोय. सासू म्हनती, बोल की त्याच्यासंगं. काय बोलू? आन् हे कपाळाचं नगं. कोरडंच दिसू द्या."

शिवकन्यानं जुनं कार्ड तिच्यासमोर फाडलं. चार तुकडे करून कोपऱ्यातल्या चहाच्या चुलीत घातले. भिवराबाई ते जळून जाईपर्यंत बघत राहिली. मग तिनं पदर डोक्यावरून दोन्ही खांद्यांवर नीट घेतला आणि पडद्यापुढं बरोबर मध्यभागी जाऊन उभी राहिली.

शिवकन्या काळ्या कापडाखाली शिरली.

दुपारचे बारा वाजले होते. छपरातून उजेड सरळ खाली येत होता. वारा नव्हता.

"खांदे सैल सोडा, भिवराबाई."

"सैलच हायती."

काचेवर तिचं उलटं चित्र उभं होतं. आजूबाजूला रिकामी जागा, दोन्ही बाजूंना सारखी. चौकट चांगली होती.

"ताई," ओठ न हलवता भिवराबाईनं विचारलं, "एकटीच दिसते न्हवं मी?"

तिच्या उजव्या खांद्यावर पदर चार ठिकाणी दबलेला होता.

"एकटीच," शिवकन्या म्हणाली.

भिवराबाईनं श्वास सोडला. तेवढ्यात पदरावर, मानेच्या अंगाला, अंगठ्याएवढी पाचवी खळी सावकाश उमटली.