दरीतला मुक्काम

ही गोष्ट खोटी निघाली असती, तर सगळ्यात जास्त आनंद माझ्या मीनामावशीला झाला असता. पण ती खरी आहे. शनिवार, १४ डिसेंबर २०२४. कर्जतच्या पुढची एक खोल दरी. नाव मुद्दामच सांगत नाही.

मावशी कोपरखैरण्याला राहते, बोनकोडे गावाला लागून असलेल्या सोसायटीत. तिच्या घरी कायदा एकच. आठला ताटं मांडली की सगळे पानावर हवेत. मुलगा पार्थ नोकरीला लागला, तरी कायदा तोच.

आदल्या डिसेंबरात पार्थ मित्रमैत्रिणींबरोबर त्या दरीत निघाला. बाकीचे खाली मुक्काम करणार होते.

"आई, एकच रात्र गं. टेन्शन नको घेऊ."

"दिवसभर फिर हवं तेवढं. मुक्काम नाही. आठच्या ताटाला घरी पाहिजेस."

गुणाचं पोर. दुपारी तीनला तो एकटाच मागे फिरला. "आईला शब्द दिलाय," एवढंच मैत्रिणीला, रंजिताला म्हणाला.

चढताना दगड निसटला...

मुक्कामाला राहिलेले सगळे दुसऱ्या दिवशी धडधाकट घरी आले.

तेरावं झालं आणि बेल सुरू झाली.

रोज, आठला पाच कमी असताना. दोनदा छोटी, एकदा लांब... पार्थ वाजवायचा तश्शी.

मावशीचे यजमान सुभाषकाका धावत दार उघडायचे. बाहेर कुणी नाही.

मावशी मात्र ओळखून होती. पोरगं अजून शब्द पाळतंय. रोज त्या दगडांतून धापा टाकत घर गाठतंय. या विचाराने ती आतून तुटून गेली होती.

वर्षश्राद्ध झालं आणि ती रंजिताला म्हणाली, "मला तिथं मुक्कामाला ने." मावशीने जन्मात डोंगर चढला नव्हता. गुडघे कायम दुखायचे. पण पोटच्या पोरापुढे गुडघ्यांचं काय ऐकायचं?

दोघी तळाशी पोचल्या. तीन वाजले.

वारा पडला. पाखरंसुद्धा गप्प झाली...

मग पावलं ऐकू आली. दगडांवरून, घाईघाईने, वर निघालेली. माणूस दिसेना.

रंजिताने मावशीचा हात घट्ट धरला.

"पार्थ!" मावशी जिवाच्या आकांताने ओरडली. "नको जाऊ रे! एक रात्र मुक्काम कर. चालेल मला!"

पावलं थांबली.

रात्री तिने पार्थची स्लीपिंग बॅग शेजारी पसरली. चेन उघडी ठेवली.

सकाळी चेन वरपर्यंत लावलेली होती. पार्थ तसाच झोपायचा, डोकंही आत घेऊन.

तिने ती उघडली. आत कुणी नव्हतं. पण ऊब होती...

कर्जतला रेंज आली, तोच काकांचा फोन. "मीना, काल बेल नाही वाजली गं."

ती नंतर कधीच वाजली नाही.

लोक म्हणतात, सुटला बिचारा. मावशी मान हलवते. परवा मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. आम्ही तिघं, पण तिने ताटं चार मांडली. आठला पाच कमी होते. हातात आमटीची वाटी तशीच धरून ती दाराकडे बघत राहिली.

आठ वाजून गेले.

"एकच रात्र म्हटलं होतं रे मी..." ती म्हणाली.