वाडीच्या वाचनालयातली हजेरी

दुपारचं जेवण उरकून सोमेश्वर वाचनालयात आला तो वही भरायला. काम काही नवं नव्हतं. धारूरजवळच्या त्या वाडीत सार्वजनिक वाचनालय निघाल्याला बारा वर्षं झाली होती आणि बाराही वर्षं ग्रंथपाल तोच. दारावर पाटी होती, ‘सर्वांसाठी विनामूल्य’. आत मात्र कुणी येत नसे, कारण सोमेश्वर कुणाला येऊच देत नसे. पुस्तकं हाताळली की मळतात, आणि मळकी पुस्तकं पाहून तपासणीचे साहेब नावं ठेवतात. म्हणून पुस्तकं कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली सोमेश्वरच्या करदोट्याला. वाचकांपासून इतकं जपलेलं वाचनालय अख्ख्या तालुक्यात दुसरं नसेल.

उद्या तपासणी होती. अध्यक्ष आप्पा सकाळीच बजावून गेले होते. “सोम्या, वहीत वाचक दिसले न्हाईत तर मान्यता जाईल. वाचनालयाला टाळं लागंल आन् तुला घरी बसावं लागंल. भरून टाक. लई इचार करू नको.”

भरायची त्याची रीत ठरलेली होती. दसरा झाला की अर्धी वाडी ऊसतोडीला जाते. त्या माणसांची नावं घालायची, म्हणजे विचारायला कुणी येत नाही. जो तिकडं फडात कोयता चालवतोय, तो वहीत रोज दुपारी पेपर वाचत बसलेला. सोपं जावं म्हणून गेल्या वर्षीची वही शेजारी उघडी ठेवायची, आणि तीन रंगांचे पेन बदलत, कधी डाव्या हातानं, कधी उजव्या हातानं नावं उतरवत जायचं.

बाहेर चिटपाखरू नव्हतं. बहुतेक दारांना कड्या होत्या. पत्रा तापून मधूनच कडकड वाजत होता. तीन महिन्यांची पानं भरली तेव्हा कुठं त्याचं लक्ष गेलं, आणि त्याचा हात थांबला.

‘तेजश्री शहादेव.’ रोजच्या पानावर. सहीसकट.

शहादेवची पोरगी गेल्या हंगामात उसाची ट्रॉली उलटून तिच्याखाली गेली होती. सोमेश्वर स्वतः तिच्या दहाव्याला जाऊन आला होता, दोन घास जेवलाही होता. आणि आता तिची सही त्यानं नव्वद वेळा केली होती.

खोडावं तर खाडाखोड साहेबांच्या डोळ्यांत भरणार. त्यानं नाव तसंच ठेवलं. मनातल्या मनात तो शरमला, पण पेन काही थांबला नाही.

थोड्या वेळानं वास आला. उसाचं पाचट जळाल्याचा, गोडसर, करपट. वाडीच्या शिवारात ऊस तर औषधालाही नव्हता. सोमेश्वर नाक पुसून पुढची ओळ लिहू लागला.

“मामा... भरतीचं पुस्तक मिळंल का?”

आवाज दारातून आला. हळू, अजिजीचा. सोमेश्वरनं मान वर केली नाही. बारा वर्षांची सवय, तोंडातून आपसूक निघालं, “उद्या तपासणी हाय. झाल्यावर ये.”

“मागच्या खेपंलाबी हेच म्हनलात...”

“कपाटाला कुलूप हाय, बाई.”

“बरं... उद्या येते.”

पावलं वाजली नाहीत. वास तेवढा विरत गेला. मग सोमेश्वरच्या ध्यानात आलं की पोलीस भरतीचं पुस्तक मागायला आजवर एकच पोरगी आली होती. चार वेळा आली होती. चारही वेळा त्यानं तिला असंच परत पाठवलं होतं, आणि मग ती आईबापाबरोबर फडावर गेली होती. दाराकडं पाहायची त्याला भीती वाटली. पण भीतीपेक्षा दुसरंच काही वाईट होतं. मेल्यावरसुद्धा आपण तिला हाकललं, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला साहेब आले. कपाटं उघडी करून ठेवलेली होती. आप्पा चहा घेऊन उभे. साहेबांनी वही चाळली, मान डोलावली. मग चष्मा काढून ते सोमेश्वरच्या पाठीमागं, खिडकीजवळच्या बाकाकडं पाहू लागले.

“तपासणीला वाचक आणून बसवतात, आम्हाला कळतं ते. पण ही मुलगी मी आल्यापासून मान वर करत नाही. खरंच वाचतेय. नाव काय हिचं?”

आप्पांनी बाकाकडं पाहिलं, मग साहेबांकडं. हातातली बशी तशीच धरून ते दाराकडं सरकले.

सोमेश्वरला सांगता आलं असतं, बाक रिकामा आहे. मग वहीतली सगळी माणसं खोटी ठरली असती. तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

“तेजश्री,” तो म्हणाला. “शहादेवची.”

साहेबांनी वहीवर बोट फिरवलं. “अरे, ही तर रोज येते की! वा. राहू द्या, उठवू नका तिला.” आणि त्यांनी सही केली.

साहेब गेले. आप्पा मागं न पाहता त्यांच्या गाडीपर्यंत गेले, ते परत आलेच नाहीत. सोमेश्वर दाराकडं तोंड करून खुर्चीत बसून राहिला. पाच वाजले. वाचनालय बंद करायची वेळ झाली. “आता ऊठ, उद्या ये,” एवढंच म्हणायचं होतं. त्याची जीभ रेटेना.

पाठीमागं कुणीतरी बोट ओलं करून पान उलटलं.