इलिन्काची वेणी कोण घालतं

जेवणाआधी आजीने सोरिनला मोठ्या घराच्या तळघरातून खारवलेल्या टोमॅटोंची बरणी आणायला सांगितलं. नोव्हेंबरचा अंधार संध्याकाळीच उतरला होता. आवारात ओल्या द्राक्षवेलींचा आणि धुराचा वास साचला होता. गळ्यातली किल्ली काढून देताना आजीने रोजचंच बजावलं, बूट दारातच काढ, लाकडी जमिनीवर ओरखडा उठला तर तुझा बाप माझा जीव खाईल.

बाप इटलीत फरश्या बसवत होता. आई तिथेच एका परक्या म्हातारीला न्हाऊ घालायची, तिचे केस विंचरायची. त्या कमाईतून गावात दुमजली घर उभं राहिलं आणि त्याला कुलूप लागलं. घर मळू नये म्हणून घरचीच माणसं आवारात मागे बांधलेल्या छोट्या उन्हाळी स्वयंपाकघरात राहत. मोल्दोव्हातल्या त्या गावात घरोघर हीच तऱ्हा. शहाण्या मोठ्यांनी खोल्या जपल्या, पोरं जपायची राहिली. सोरिन कॉलेज सोडून आला तेव्हा बापाने फोनवर मनसोक्त शिव्या घातल्या. त्याच्या आठ वर्षांच्या बहिणीबद्दल, इलिन्काबद्दल, विचारलं ते फक्त मार्कांचं. ती हल्ली बोलेनाशी झाली होती. गुणी पोर, असं सगळे म्हणत.

निघता निघता सोरिन म्हणाला, "आजी, बोटं एवढी वाकडी झाली तुझी, पण तिची वेणी झकास घालतेस हं."

मक्याचा घाटा घोटणारा आजीचा हात थांबला. "थट्टा करतोस म्हातारीची? मला धड बटण लावता येत नाही. मला वाटलं, तूच घालतोस..."

सोरिनने नकारार्थी मान हलवली. मग आजीच म्हणाली, शाळेतल्या बाई घालत असतील. आणि पोरगी रोजच्यासारखी शेजारी खेळायला गेली असेल.

मोठ्या घराचं कुलूप शाबूत होतं. सोरिनने ते उघडलं. आत व्हार्निशचा थंड वास होता, आणि त्याखाली एक ऊब, जशी नुकत्याच जेवून उठलेल्या घरात असते. बैठकीच्या खोलीतून इलिन्काचा हळू, न अडखळता बोलण्याचा आवाज येत होता. इतकं बोलताना त्याने तिला कधी ऐकलं नव्हतं.

रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड प्लास्टिकने झाकलेल्या सोफ्यावर पडला होता. इलिन्का त्याच्याकडे पाठ करून बसली होती. तिच्यामागे कुणीच नव्हतं. पण तिचे मोकळे केस हवेत उचलले जात होते. चार बटा वेगळ्या झाल्या, सावकाश एकमेकींखालून गेल्या, गुंता लागला तिथे थांबल्या, हलकेच सुटल्या.  सोरिनला पळावंसं वाटेना. त्याच्या डोक्यावरून इतक्या मायेने कुणी हात फिरवलेला त्याला आठवत नव्हता.

"इलिन्का... चल, जेवायला."

"मी आता इथंच राहणार, दादा. ती हो म्हणालीय."

"ती कोण?"

"विचारते ना, ती."

"काय विचारते?"

"आज काय झालं ते."

त्याच्या तोंडात आईबापांना द्यायच्या शिव्या तयार होत्या. पण महिनोन्‌महिने तिच्या पलीकडच्या खाटेवर कानात गाणी कोंबून तोच पडलेला असायचा. तो बूट न काढताच लाकडी जमिनीवरून पुढे गेला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"मला सांगशील... आज काय झालं?"

तिने त्याला निरखून पाहिलं. मग बोलली. बाकावर शेजारी कुणी बसत नाही. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन शौचालयात उभी राहते. आई फोनवर दिसते तेव्हा हसायचं ठरलेलं असतं. तो ऐकत राहिला. तिच्यामागे हवेत थबकलेले केसही ऐकत होते.

"आता मी घालतो वेणी," तो म्हणाला. हे इलिन्काला उद्देशून नव्हतं.

तो मागे जाऊन उभा राहिला. त्याच्या बोटांवर गारवा टेकला. पहिली बट हातात आली, आणि लहान मुलाला शिकवावं तसं कुणीतरी त्याचं बोट तिच्याभोवती वाकवलं. मग दुसरी. थोडं थांबून तिसरी.

त्याने तळवा पसरून वाट पाहिली. चौथी बट अंधारात ताणलेलीच राहिली. ती सोडायला कुणी तयार नव्हतं.