खिळ्यावरची चिठ्ठी

गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. लिहिलं तर तिची नोकरी जाईल, आणि कंत्राटी माणसाची नोकरी घालवायला फार काही लागत नाही. एक बातमी पुरते. एकतीस वर्षं मी बुलढाणा जिल्ह्यात बातम्याच लिहिल्या, तेव्हा हे मला नीट माहीत आहे.

मागच्या एप्रिलमध्ये एका बाईचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"साहेब, सबस्टेशनवरून बोलून राह्यली. एक ग्राहक रोज फोनवर लय छळते. तुम्ही एकदा येऊन ऐकून घ्या."

"रोज?"

"हाव. चार चाळीसले."

"शिव्या देतो का?"

"शिव्या नाई देत. शिव्या देणारे बरे, साहेब."

माझं रक्त तापलं. कुणाचा तरी राग काउंटरवरच्या, खिडकीमागच्या, फोनपलीकडच्या माणसावर काढायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. वर बसलेल्याला कुणी बोलत नाही. म्हटलं, याचं नावच छापतो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मोटरसायकल घेऊन पोचलो. मोताळा तालुक्यातलं लहानसं वीज उपकेंद्र, बातमीसाठी पूर्वी एकदा पाहिलेलं. तारेचं कुंपण, खडीचं आवार, मधोमध रोहित्र, म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर. उन्हात त्याच्या गरम तेलाचा वास पसरला होता. त्याची घुं घुं थेट दातांत जाणवत होती. बाकी मैलभर कुणी नव्हतं. पाखरूसुद्धा नाही.

आत पस्तिशीची बाई बसली होती. समोर तक्रारींचा मोबाईल, आणि टेबलाच्या कोपऱ्यात जुना काळा टेलिफोन. त्याची तार भिंतीपर्यंत गेलीच नव्हती, टेबलाखाली तुटकी लोंबत होती. टेलिफोनवर धुळीचा थर होता. रिसीव्हर मात्र हात लागून लागून चकचकीत झाला होता.

"मी चारुलता," ती म्हणाली. "जीवनची बायको."

मी न सांगता खाली बसलो.

लाइनमन खांबावर चढण्याआधी ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर ती लाइन बंद करतो आणि परमिटची चिठ्ठी स्विचच्या वरच्या खिळ्याला लावतो. लाइनमनने उतरून, स्वतः येऊन, सही करून ती काढेपर्यंत स्विचला हात लावायचा नाही. पाच वर्षांपूर्वी याच खोलीत प्रेमानंद नावाच्या ऑपरेटरने चिठ्ठी खिळ्याला असताना स्विच टाकून लाइन चालू केली. जीवन वर होता. खबर मिळताच मी पोचलो होतो. चिठ्ठीचा फोटो मी काढला, चारुलताच्या रडण्याचाही मीच काढला. 'ऑपरेटरच्या बेपर्वाईचा बळी', पहिलं पान, चार कॉलम. प्रेमानंद निलंबित झाला, मग बडतर्फ. मला शाल-श्रीफळ मिळालं.

"ताई, तुम्ही... याच खुर्चीवर?"

"मुद्दामच आली. दोन वर्षं आयटीआय केली, पंधरा वर्षांनी लहान पोरींसंगं बसून. जीवन सांगे, फोनवाले ऑपरेटरचा जीव खातात. म्हटलं, या खुर्चीवर असं कोणी पाहिजे का जे फोनवाल्याचं ऐकणार नाई."

मोबाईल वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"ओ बाई! लाइट झोपली का तुम्ही झोपल्या?"

"मी झोपली असती तर फोन तुमच्या लाइटीनं उचलला असता का, वामनराव?"

"जावई आले ना घरी! उकडून राह्यलं त्याहिले. त्याहिले वारा घालाले तुम्ही येता का?"

"पाठवा इकडं, घालते. इंद्रभान खांबावर हाय. उतरला का देते."

वामनराव कुरकुरत थंड झाले. ती हसली. "हे रोजचं हाय. याचं काही नाई."

खिळ्यावर इंद्रभानची चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होती.

साडेचार झाले. चारुलताने ओढणी काढली आणि उजवं मनगट खुर्चीच्या दांड्याला बांधायला लागली. गाठ दातांनी आवळली.

"हे कशाला?"

"ऐकून ऐकून एक दिवस हात उठला होता, काका. स्विचवर ठेवलाच होता. तवाही इंद्रभानचीच चिठ्ठी होती..." तिने गाठ ओढून पाहिली. साहेबाचं काका कधी झालं, ते मला कळलं नाही.

घड्याळात चार चाळीस झाले. बाहेरची घुं घुं थांबली. भिंतीवरच्या मीटरचे काटे वीज चालू असल्याचं दाखवत होते, पंखाही फिरत होता. फक्त कशाचाच आवाज येत नव्हता. मग गरम तेलाच्या वासात दुसरा वास मिसळला, रबर जळाल्यासारखा. आणि तो तुटक्या तारेचा टेलिफोन वाजला.

तिने डाव्या हाताने रिसीव्हर उचलला आणि माझ्या कानाला लावला.

आधी कुणीतरी घसा खाकरलं.

"कोण बोलतंय? आधी नाव सांगा. दीड तास लाइट नाही, काय चाललंय? मी कोण आहे माहीत आहे ना? पाच मिनिटांत लाइट आली पाहिजे, नाहीतर उद्या पहिल्या पानावर तुमचं नाव..."

मागे कुठेतरी एक पोरगी हळू म्हणाली, "बाबा, जाऊ द्या ना."

ती इरा होती. माझी मुलगी. जीवन गेला त्या दिवशी तिला पाहायला पाहुणे आले होते. आमचं घर तेव्हा याच लाइनवर होतं. कूलर बंद पडला होता आणि सोयरे घामाने भिजले होते. मी याच टेलिफोनवर सात फोन केले होते. सातव्यानंतर लाइट आली. मी पाहुण्यांना म्हणालो होतो, "बघा, आपला फोन गेला की कशी येते!" सगळे हसले होते. इरा हसली नव्हती. अर्ध्या तासाने मला अपघाताची खबर मिळाली, आणि मी कॅमेरा घेऊन निघालो.

बातमीत त्या सात फोनांबद्दल एक अक्षर नव्हतं. प्रेमानंदनेही ते कधी कुणाला सांगितले नाहीत.

"ओळखला ना?" चारुलता म्हणाली. "मी पयल्याच दिवशी ओळखला. तुमचे व्हिडिओ येतात ना मोबाईलवर."

"मग... मला का बोलावलं?"

"माह्यं ऐकत नाई तो. दोन वर्षं झाले सांगून राह्यली, माणूस वर हाय, माणूस वर हाय." तिचा बांधलेला हात ताणला गेला होता, बोटं स्विचकडे ओढली जात होती. "तुम्ही सांगा, काका. तुमचं ऐकन."

मी तोंड उघडलं. बाहेर पडला तो घसा खाकरल्याचा आवाज.

"हॅलो... ऐक. लाइट येणार नाही. माणूस खांबावर आहे. जीवन नाव आहे त्याचं. त्याची चिठ्ठी अजून खिळ्यावर आहे..."

पलीकडे शांतता झाली. मला वाटलं, ऐकलं. देवाशपथ वाटलं.

मग तोच घसा पुन्हा खाकरला.

"माणूस-बिणूस मला सांगू नका."

मी ओरडलो, तोही ओरडला. शब्द वेगळे होते, आवाज एकच. त्या खोलीत मी किती वेळ स्वतःशी भांडत होतो, कुणास ठाऊक. मग रिसीव्हर मुका झाला आणि बाहेरची घुं घुं परत आली.

दारात इंद्रभान उभा होता, घामाने निथळत.

"काय ताई, आज पेपरवाले! माहा फोटो काढा साहेब, मिश्या पहा कशा झाल्या." त्याने सही केली, खिळ्यावरची चिठ्ठी काढली. चारुलताने मनगट सोडवलं आणि स्विच टाकला. वामनरावांच्या जावयाला वारा मिळाला असेल.

मी ती बातमी लिहिली. खरी, माझ्या नावासकट, सात फोनांसकट. संपादक म्हणाले, जुनं झालं ते. नंतर धाड गावच्या बाजारात गेलो. प्रेमानंद लसूण विकायला बसला होता. मी बोलायच्या आधीच तो उठून उभा राहिला, नोकरीत असताना साहेबांपुढे राहायचा तसा. त्याला मी एवढंच विचारू शकलो, की फोनांचं का सांगितलं नाहीस.

"स्विच तं म्याच टाकला ना, साहेब," तो म्हणाला.

आठवड्याने चारुलताचा फोन आला. मी विचारलं, "बंद झाला का तो?"

"नाई. आता दोन आवाज येतात, काका. एक म्हणते लाइट द्या, एक म्हणते माणूस वर हाय. तुम्ही दोघं रोज भांडता."

"आणि... जिंकतं कोण?"

"रोज पयलाच."

"मग फोन बंद होतो?"

मागे रोहित्राची घुं घुं ऐकू येत होती.

"नाई. मंग कोणीतरी खांबावरून उतराले लागते. बुटाचा आवाज येते, एकेक पायरीचा. खाली... खाली..." ती रडत नव्हती. ती मोजत होती. "मी रोज कान लावून बसते, काका. पाय जमिनीले टेकल्याचा आवाज अजून आला नाई."