ओळख नसल्याची चिठ्ठी

बायको गेली हे त्याला जिन्यात कळलं. हॉस्पिटलची लिफ्ट बंद होती, आणि उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस धापा टाकत चौथा मजला चढत होता. सर्जन वरून उतरत होता. एक पायरी वरच थांबून म्हणाला, "शक्य ते सगळं केलं," आणि अंग चोरून निघून गेला. पित्ताशयाचं साधं ऑपरेशन. त्यानंतर ती तीन दिवस पोट दुखतंय म्हणत होती, आणि सर्जन "होतं असं" म्हणत होता.

त्यानं तक्रार केली. वैद्यक परिषदेनं सर्जनचा परवाना दोन वर्षांसाठी काढून घेतला. सर्जननं अपील केलं, शिक्षेला स्थगिती मिळाली, आणि आठवड्याभरात तो पुन्हा ऑपरेशनला उभा राहिला.

अपिलाच्या खोलीत एक लांब टेबल होतं. पलीकडे तिघं बसत. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, दुसरे डॉक्टर, आणि तिसऱ्या एक निवृत्त शिक्षिका. दर तारखेला कारकून दोन्ही बाजूंची चिठ्ठीवर सही घ्यायचा: समोरच्या तिघांपैकी कोणाशीही ओळख नाही.

"दर वेळी कशाला?" त्यानं विचारलं.

"काका, ओळख मधल्या काळातही होते. मागे एकांची तर सोयरीकच झाली."

सोबत आलेला मेहुणा, बायकोचा भाऊ, खुसखुसला. यानं सही केली.

पहिल्या तारखेला सर्जनचा वकील म्हणाला, "पेशंटचा स्वभावच कटकटीचा होता." हा ताडकन उठला. तोंड उघडणार तेवढ्यात शिक्षिकाबाईंनी त्याच्याकडे बघून कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि हळूच दोनदा ओढली. तो गपकन खाली बसला. चारचौघांत त्याचा आवाज चढला की त्याची बायको तसंच करायची.

कान कोणाचाही खाजतो, असं तो घरी जाताना स्वतःशी म्हणाला.

दुसऱ्या तारखेला बाईंनी सर्जनला विचारलं, "तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही पडद्याआड फोनवर बोलत होता. 'आता पुन्हा उघडलं तर माझी चूक दिसेल' असं म्हणालात. पेशंट जागी होती. आठवतं?"

सर्जनचा चेहरा पांढराफटक पडला. "तिथे कोणी नव्हतं," तो म्हणाला.

वकिलानं कागद चाळले. "मॅडम, हे कुठल्या पानावर आहे?"

बाईही पानं उलटू लागल्या. पुढे, मागे, पुन्हा पुढे. "इथेच तर वाचलं," त्या पुटपुटल्या. ते कुठेच नव्हतं.

मेहुणा बाहेर येऊन त्याच्या पाठीवर थापच मारायला लागला. "दाजी, जिंकलो! त्याच्या तोंडून निघालं की. बाईंना कुठून कळलं ते गेलं खड्ड्यात."

त्याला मात्र ते खड्ड्यात घालता येईना. एक दोर सैल असला तरी लिफ्ट चालते, खुशाल चालते. त्यानं तशी कधी चालू दिली नव्हती. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण पाटी लावली, लिफ्ट बंद आहे.

तिसरी तारीख निकालाची होती. कारकुनानं चिठ्ठी पुढे केली.

"करा सही," मेहुणा कुजबुजला. "माझी बहीण होती हो ती. तो मोकाट सुटेल."

त्यानं छापलेली ओळ खोडली आणि वर लिहिलं: तिसऱ्या सदस्यांशी ओळख आहे.

"नातं लिहा," कारकून म्हणाला.

त्यानं लिहिलं, पत्नी.

चिठ्ठी टेबलापलीकडे गेली. अध्यक्षांनी ती दोनदा वाचली आणि बाईंपुढे सरकवली. त्याला वाटलं, बाई हसतील किंवा चिडतील. त्यांनी चष्मा काढून नीट मिटून ठेवला.

"मी बाजूला होते," त्या म्हणाल्या.

वकिलानं तत्काळ उठून मागणी केली की आतापर्यंतचं सगळं रद्द धरावं. अध्यक्ष म्हणाले, "न्याय झालेला दिसायलाही हवा." सगळं रद्द झालं. सर्जनचं ते वाक्यही.

मेहुणा निघून गेला.

बाई जिन्यात त्याची वाट बघत उभ्या होत्या.

"आपण कधी भेटलोय?"

"नाही."

"मग तुम्ही जेवलात की नाही याची काळजी मला माझ्या घरी बसून का लागते?"

त्या कठड्याला धरून सावकाश उतरून गेल्या.

याला आता सात महिने झाले. रिकाम्या जागेवर तिघांची एकामागून एक नेमणूक झाली. त्यातला एक परगावचा निवृत्त बँक मॅनेजर, ज्याचं त्यानं तोंडही पाहिलेलं नाही. तिघांनीही कागद परत पाठवले. कारकुनानं ते त्याला दाखवले. अक्षर वेगळं, शाई वेगळी, कारण एकच: तक्रारदाराशी जवळचं नातं.

स्थगिती कायम आहे. सर्जन रोज सकाळी ऑपरेशनला उभा राहतो. अपील अजून कोणी ऐकलेलं नाही.